पुसलेला तराफा

नऊ वाजता खोदयंत्र अ‍ॅरल नदीचा काठ खरवडायला घेणार होतं. आठ वाजून दहा मिनिटांनी एनिड प्रॉबर्ट तपासनीस प्रॉसरला घेऊन पाणउंदरांच्या खुणा मिळाव्यात म्हणून पाण्यात बांधलेल्या लाकडी तराफ्यापाशी आली. तराफा स्वच्छ होता.

"रविवारी यावर अकरा लेंड्या होत्या," ती म्हणाली. "मोजल्या, वहीत लिहिल्या, पुसून टाकल्या. नेहमी तसंच करतो आम्ही, म्हणजे पुढच्या वेळी दिसेल ते ताजं."

"वही बघून काम थांबवता येत नाही, मिसेस प्रॉबर्ट. आज इथे पाणउंदीर आहे, एवढं दाखवा."

पाणउंदराच्या बिळांना कायद्याने हात लावता येत नाही. पण काठातली ही बिळं त्याचीच, हे आधी ठरायला हवं होतं. एनिड मांड्यांपर्यंत पाण्यात उतरली. तिरपे कुरतडलेले गवताचे तुकडे सापडले. प्रॉसरने मान हलवली. "त्याचा धाकटा भाऊ, शेतातला छोटा उंदीर, तोही असंच कापतो."

पाऊण तासाने मुळांमध्ये लेंड्या मिळाल्या. प्रॉसरने एक चुरडून नाकाशी नेली आणि शिंकला. जूनच्या परागांनी त्याचं नाक पार बंद झालं होतं.

"तुम्हीच सांगा. पाणउंदराच्या लेंडीला घाण वास नसतो. हिला येतो?"

तिने हुंगलं. नाही म्हटलं असतं तर यंत्र परत गेलं असतं.

"येतो. घाणेरडा. हा साधा उंदीर."

यंत्रावरून लेन टँडी ओरडला, "अगं एनिड, जरा खोटं बोलायला काय जातं तुझं?"

"तू तुझा चहा पी, लेन!"

"पितोच. चहा संपल्याशिवाय मी कुठलीही किल्ली फिरवत नाही, साहेब." त्याने थर्मास उघडला. नवाला दोन मिनिटं कमी होती.

एनिड वाकून वाकून पुढे सरकत राहिली. लेनने दुसरा कप ओतला. प्रॉसर घड्याळाकडे बघत होता. नऊ वाजून अकरा मिनिटांनी झुकलेल्या काठाखाली, चिखलाच्या कडेवर, सहा लेंड्या दिसल्या. दोन्ही टोकं बोथट, पाणउंदराची असतात तशी.

"मिस्टर प्रॉसर! लवकर या!"

तो बुटांसकट पाण्यात उतरला. तिने एक मोडली. आतून हिरवी.

"उंदीरही हिरवं खातो," तो म्हणाला. "वास?"

तिने दोनदा हुंगलं.

"नाही."

प्रॉसरने पुन्हा विचारलं नाही. तो यंत्राकडे वळला.

"टँडी, मागे घ्या ते."