मथुराबाईंसमोर मांडलेला पाट

मित्रांनो, मी बाभळीचा जुना पाट आहे. एक कोपरा उडालाय, पण ऐट गेलेली नाही. बेंबळीच्या सुतारानं मला दूध सोसायटीच्या वृद्धाश्रमासाठी घडवलं. पाहुण्यांचा पाट म्हणून मला भिंतीला टेकवून ठेवलं. पाहुणे कुठले यायला! वाळवी लागायची तेवढी बाकी होती.

तिथं मथुराबाई राहायच्या. त्यांना गाव आठवत नसे, स्वतःचं नाव आठवत नसे. बहात्तरचा दुष्काळ मात्र आजच चालू आहे असं वाटे. त्यांनी जेवण सोडलं होतं. सोसायटीचे चेअरमन अण्णाराव म्हणाले, "सोमवारपर्यंत जेवल्या न्हाय, तर धाराशिवच्या दवाखान्यात न्यावं लागंल." या वयात तिथून परत येणं अवघड, हे सगळ्यांना कळत होतं.

अण्णाराव सेवा जोखायचे ती ताटावरून. ताट लवकर रिकामं, तर काम चोख. म्हणून तिथला सेवक गोरोबा उभ्या उभ्याच घास भरवायचा. "खावा आजी, लवकर खावा."

मथुराबाई तोंड मिटून घ्यायच्या. "लेकरं दुष्काळी कामावर खडी फोडून आल्याबिगर म्या कशी खाऊ?"

गोरोबा वैतागून पुढच्या ताटाकडं वळायचा. मला त्याचा लई राग यायचा, पण पाटाचं कोण ऐकतं?

रविवारी वाढायची पाळी दुसऱ्या सेविकेची, चांगुणाची होती. मथुराबाईंचं तेच बोलणं तिनं ऐकलं आणि सरळ येऊन मला उचललं. त्यांच्यासमोर मला मांडून ती ऐसपैस बसली.

"आई, समदी लेकरं आली. पोटभर जेवली. मागं आपण दोघीच राहिलो बगा."

"धाकटा बी जेवला?"

"व्हय. अजून भाकर मागून घेतली त्यानं."

मथुराबाईंचा चेहरा सैल झाला. त्यांनी आपल्या हातानं भाकरी मोडली. पहिला तुकडा चांगुणाला दिला, दुसरा स्वतः खाल्ला. जेवण बराच वेळ चाललं. मला छाती असती, तर फुगली असती.

दारातून हे सगळं बघत असलेले अण्णाराव म्हणाले, "गोरोबा, आपलं मापच चुकलं गड्या. ताट बघत बसलो, माणूस बघितलाच न्हाय. आता कोण जवळ बसतं, अन् बोलल्यावर म्हातारं माणूस खुलतं का, ते बघू."

सोमवारी मथुराबाईंना धाराशिवला न्यावं लागलं नाही. पुढं सुताराकडून माझी भावंडं आली, प्रत्येक अंथरुणाशेजारी एक. पहिला पाट पटकावला तो गोरोबानंच!

मित्रांनो, घरातलं म्हातारं माणूस तेच तेच विचारत असेल, तर उभ्यानं उत्तर देऊ नका. पाट मांडा, बसा. मथुराबाई पुढं कित्येक वर्षं जेवल्या, आणि माझ्यावर जो बसेल त्याला रोज पहिला घास देऊन जेवल्या.