डोळ्यांचा बाक

विद्यापीठवाले हो, नियम तुम्ही केलात. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याला दवाखान्यात खऱ्या रुग्णांसमोर बसल्याशिवाय पदवी मिळणार नाही, असं छापून तुम्ही मोकळे झालात. नियम चांगला आहे, त्याबद्दल भांडण नाही. पण बसायचं कुठल्या दवाखान्यात आणि कुणाच्या हाताखाली, हे सांगायची वेळ आली तेव्हा हात झटकलेत. पोहायला आल्याशिवाय पास करणार नाही म्हणायचं आणि गावातल्या विहिरींना कुलपं आहेत की नाहीत तेही बघायचं नाही, अशातली गत. फी घेताना मात्र 'प्रत्यक्ष प्रशिक्षण' हा रकाना तुम्ही एकदाही विसरला नाहीत.

दावणगेरेच्या सिंचनाला विचारा. एम.ए.चं शेवटचं वर्ष. महिनाअखेरपर्यंत एखाद्या दवाखान्यानं तिला शिकाऊ म्हणून घेतलं नाही तर वर्ष बुडणार. तिचे अप्पा रिक्षा चालवायचे आणि मागे बसणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे, माझी मुलगी मनाची डॉक्टर होतेय. वर्ष बुडालं असतं तर अर्ध्या गावासमोर त्यांना ते शब्द परत घ्यावे लागले असते.

ती विभागप्रमुखांकडे गेली. ते म्हणाले, आम्ही सगळ्या दवाखान्यांना कळवलंय, पुढचं तुमच्या हुशारीवर. माणसाचं मन वळवता येत नसेल तर मानसशास्त्र घेतलंत कशाला? एवढं बोलून स्वतःच्याच विनोदावर हसले आणि चहा मागवला. एकच.

शहरात मनाचे डॉक्टर बोटांवर मोजण्याइतके. पहिल्यानं विचारलं, अनुभव आहे का? ती म्हणाली, तोच घ्यायला आलेय. तो म्हणाला, मग घेऊन या, नंतर बघू. दुसऱ्याचं म्हणणं, पोरी रुग्णाला बघून रडतात, मग रुग्ण बाजूला राहतो आणि तुम्हालाच गोळी द्यावी लागते. तिसरा सगळ्यांत गोड बोलला. यायची गरजच नाही म्हणाला, शेवटी या, सही-शिक्का घेऊन जा, आणि सहीचा भावही सांगितला. सिंचनाची मैत्रीण फर्हीन त्याला हो म्हणून आली होती. तिला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. चालून चालून तिच्या चपला तुटल्या होत्या आणि घरी सगळे विचारत होते, तुझं कॉलेज नक्की आहे कुठं, रस्त्यावर?

राहता राहिला मठाचा धर्मादाय दवाखाना. तिथं कात्यायिनी मेडम बसायच्या. मानसोपचाराचं रीतसर शिक्षण घेतलेल्या, आणि ज्यांची सही विद्यापीठ निमूट मानेल अशा. पण त्यांच्या दारावर शिपाई रुद्राण्णा. आमच्याकडे पूर्वी भूत घरात शिरू नये म्हणून दारावर 'नाळे बा' लिहीत. उद्या ये. भूत बिचारं वाचायचं आणि परत जायचं. रुद्राण्णाला लिहायचा त्रास नव्हता, तो तोंडानंच सांगायचा. मेडम कामात आहेत, उद्या या. सिंचना दुसऱ्या दिवशी यायची, तो पुन्हा तेच सांगायचा, आणि पुन्हा ती दुपार होईपर्यंत बसून राहायची. न जाणो, दार उघडलं तर.

पहिल्या दिवशी ती 'मनोरोग विभाग' अशा पाटीखालच्या बाकावर बसली होती. घराशेजारच्या शारदम्मांनी तिला तिथं पाहिलं. संध्याकाळी कढीपत्ता मागायच्या निमित्तानं त्या घरी आल्या आणि तिच्या आईला, अव्वाला, हळूच म्हणाल्या, मुलीला कधीपासून आहे हे? अव्वानं आधी शारदम्मांना झाडलं आणि मग सिंचनाला. दुसऱ्या दिवसापासून सिंचना त्या बाकावर बसेनाशी झाली. शेजारीच डोळ्यांचा विभाग होता, त्याच्या बाकावर बसून मनाच्या दाराकडे लक्ष ठेवू लागली. आणि परीक्षेत 'मनोरुग्ण आणि समाजाला वाटणारी लाज' या प्रश्नाला वर्गात सर्वांत जास्त गुण हिलाच होते.

बसून बसून माणूस काय करणार? बघत राहिली. तिच्या ध्यानात आलं की या बाकावर दोन जातीची माणसं बसतात. डोळे दाखवायला आलेली समोरच्या भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता एक डोळा झाकून वाचून बघतात, मग दुसरा झाकतात, एकमेकांना विचारतात. बाकीची तक्त्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. ती बघतात रुद्राण्णाच्या तोंडाकडे. आणि रुद्राण्णाचं तोंड म्हणजे दवंडीच. रुग्णाचं नाव, बापाचं नाव, गावाचं नाव, आणि वर शेपूट: मनाच्या डॉक्टरकडं कोण आहे, चला!

हरिहरकडचे हालप्पा त्यांतलेच. पांढरा टॉवेल खांद्यावर, बरोबर विशीतला मुलगा. मुलाचे ओठ सारखे हलायचे, आवाज नाही. त्यांच्या नावाचा पुकारा झाला की हालप्पा शेजारच्या म्हातारीला मोतीबिंदूचं विचारायला लागायचे. पुकारा विरला की उठायचे, मुलाचा दंड धरायचे आणि बसस्टँडची वाट धरायचे. चार दिवसांनी पुन्हा हजर. एकदा त्यांनी सिंचनाला विचारलं होतं, पोरी, तुझ्या डोळ्यांना काय झालं? ती म्हणाली, चष्म्याचा नंबर, अज्जा. ते म्हणाले, माझ्या पोराचंपण तसंच.

शेवटी एक दिवस रुद्राण्णा जेवायला गेला असताना दार आतून उघडलं आणि मेडमनीच बाहेर बघून विचारलं, तू कोण? रोज दिसतेस, नेत्रविभागात कामाला आहेस का?  सिंचनानं कसंबसं सांगितलं आणि मागच्या सत्रात लिहिलेल्या केसेसची फाइल पुढं केली.

मेडमनी पहिलं पान उघडलं. थोडं वाचलं. मग हसायला लागल्या, इतक्या की चष्मा काढून ठेवावा लागला.

"ही बाई अजून झोपली नाही का गं?"

सिंचनाला कळेना.

"बत्तीस वर्षांची शिक्षिका, रात्री झोप नाही, सासू कडक, नवऱ्याची बदली बळ्ळारीला. माझ्याकडं नोकरी मागायला जो पोरगा येतो त्याच्या फाइलीत ही असते. कधी चित्रदुर्गची, कधी राणेबेन्नूरची. नवरा मात्र बळ्ळारीलाच. इतक्या वर्षांत हिला कुणी बरं केलं नाही, निदान जवळची बदली तरी द्यायची."

खोटं बोलायची संधी होती. 'माझी खरीच आहे' म्हणता आलं असतं. पण सिंचनाच्या डोक्यात इतक्या दिवसांचं सगळं एकदम उकळून वर आलं. ती म्हणाली:

"खरं माणूस आम्हाला कुणी दाखवलंच नाही, मेडम. म्हणून ही एकच बाई सगळ्यांनी वाटून घेतली. वरच्या वर्गातली मुलं खालच्या वर्गाला देऊन जातात, जुनी पुस्तकं देतात तशी. कॉलेजला माहीत आहे. तपासणारे तर हिच्यावरच गुण देतात."

मेडमचं हसू थांबलं. फाइल मिटून त्यांनी तिच्याकडे सरकवली. सिंचनाला वाटलं, आटोपलं. मिळाल्या वाटाण्याच्या अक्षता. पण त्या म्हणाल्या, बस. ही बाई सोडून तू स्वतःच्या डोळ्यांनी कुणाला पाहिलंयस का? एक तरी माणूस?

मग सिंचनानं बाकाचं सांगितलं. तक्ता वाचणारे आणि न वाचणारे. रुद्राण्णाची दवंडी. टॉवेलवाले एक अज्जा, नाव पुकारलं की मोतीबिंदूवर बोलतात आणि मुलाला न दाखवता परत नेतात. सांगताना तिनं स्वतःलाही सोडलं नाही. म्हणाली, मीपण त्याच बाकावर लपले होते, शेजारणीच्या भीतीनं.

मेडमनी रुग्णांची वही पुढं ओढली. त्यांच्या वहीत अशा कितीतरी नावांपुढे 'आले नाहीत' असा शेरा होता. लोक बेफिकीर आहेत, असंच त्या धरून चालल्या होत्या. आणि ते लोक भिंतीपलीकडे बसून होते.

"ते अज्जा आज आलेत?"

"आलेत. आता उठतील, बसची वेळ झाली."

"मग त्यांना घेऊन ये. मी आले तर ते पळतील."

सिंचना बाहेर आली. हालप्पा टॉवेल झटकत होतेच. काय बोलायचं, हे तिच्या कुठल्याही पुस्तकात नव्हतं. ती त्यांच्या शेजारी बसली आणि हळू आवाजात म्हणाली:

"अज्जा, मी तुमच्याशी खोटं बोलले. माझे डोळे चांगले आहेत. मी त्या खोलीसाठीच येत होते."

हालप्पांनी तिच्याकडे पाहिलं नाही. पहिल्यांदाच समोरच्या तक्त्याकडे बघत राहिले. मुलाचे ओठ हलत होते.

"याचेपण चांगलेच आहेत गं," ते म्हणाले.

एवढंच. मग ते उठले, टॉवेल पुन्हा खांद्यावर टाकला आणि मुलाचा हात धरून तिच्या मागोमाग मेडमच्या खोलीत गेले. पुकारा झाला नाही, गावाचं नाव कुणी घेतलं नाही. दार लागल्यावर सिंचना बाहेर उभी राहिली. 

रुद्राण्णा जेवून आला तेव्हा त्याला नवा हुकूम मिळाला. यापुढे नाव नाही, गाव नाही, फक्त नंबर, आणि तोही बेतानं. तो कुरकुरला की नंबरानं माणसं ओळखायची म्हणजे आपण काय तुरुंग चालवतो? मेडमनी विचारलं, आणि या मुलीला इतके दिवस का परतवलंस? तो म्हणाला, हातात फाइल, खांद्याला पिशवी, मला वाटलं गोळ्या विकणाऱ्या कंपनीची आहे. सिंचनाला हसावं की रडावं कळेना. तिनं हसायचं ठरवलं.

"सोमवारपासून ये," मेडम म्हणाल्या. "आणि तुझ्यासारखी आणखी कोण भटकतायत त्यांना सांग. दोघादोघांना घेईन, आळीपाळीनं. तुमच्या कॉलेजातून कुणी विचारलंच नाही मला कधी. एक फोन नाही. कुणी रीतसर मागितलं असतं तर जागा कधीच दिली असती."

जीव भांड्यात पडला तो असा. ती बाहेर आली तर ऊन तेच, रस्ता तोच, आणि अंगावरून कुणीतरी ओली घोंगडी काढून घ्यावी तसं हलकं. तिनं आधी फर्हीनला फोन लावला. सहीवाल्या डॉक्टरला नाही म्हणून सांग, म्हणाली. पलीकडे फर्हीन आधी शिव्या घालत होती आणि मग रडत होती. दोघींनी चौकात बेण्णे डोसा खाल्ला, लोणी हाताच्या कोपरापर्यंत ओघळलं. घरी अव्वा तिला पोटाशी धरून नुसतीच म्हणाली, शारदम्माला आता काय सांगू? सिंचना म्हणाली, मी त्याच बाकावर बसणार आहे, पाटीच्या खालच्या, हेच सांग. अप्पा त्या संध्याकाळी एका गिऱ्हाइकाकडून पैसे घ्यायलाच विसरले.

दुसऱ्या दिवशी ती विभागप्रमुखांच्या खोलीत गेली. बरोबर फर्हीन, आणि दाराशी उरलेला वर्ग. प्रमुख खुशीत होते. बातमी त्यांच्यापर्यंत आधीच पोचली होती. म्हणाले, मी सांगितलं नव्हतं? हुशारी लागते. आता वर कळवून टाकू की विभागानं विद्यार्थ्यांची सोय केली. चहा घेणार?

सिंचना खुर्ची ओढून बसली. तिला कुणी बस म्हटलं नव्हतं.

"चहा नको, सर. तुम्ही म्हणाला होतात, सगळ्या दवाखान्यांना कळवलंय. मी सगळे फिरले. कुणाला काही माहीत नाही."

प्रमुखांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं. म्हणाले, असं एकदम विचारून कसं चालेल, वरूनच काही आलं नव्हतं, वरचे आमच्यावर ढकलतात, आम्ही कुणावर...

"वरच्यांनाही विचारू. पत्ता आहे आमच्याकडं. आधी तुम्ही एकाच दवाखान्याचं नाव सांगा, सर. ज्याला आमच्यासाठी तुम्ही एकदा तरी विचारलंत." दाराशी उभा वर्ग एक पाऊल आत आला. "आम्हाला बसून राहायची सवय झालीय. उत्तर द्या."