शिडीचा गुडघा

मी कोनमापक बोलतोय. कंपासपेटीतला अर्धगोल नव्हे. तो माझा चुलतभाऊ, शाळेत असतो आणि बहुतेक वेळ दप्तराच्या तळाशी हरवलेला असतो. मी माणसांचे सांधे मोजतो. दोन पारदर्शक पट्ट्या, मध्ये आकड्यांची गोल चकती आणि सगळ्यांना धरून ठेवणारी एक पितळी खिळी, एवढाच माझा देह. गुडघा किती वाकतो, कोपर किती उघडतं, ते मी सांगतो. चौदा वर्षं हे काम चोख केलंय. तरीही आज मी जरा चिडूनच बोलणार आहे, ते आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म कारखान्यातला. एका साच्यातून एका दिवसात माझी हजारेक भावंडं बाहेर पडली. तपासणाऱ्या बाईंनी मला नव्वदवर धरून पाहिलं आणि "बरोबर आहे," असं म्हणून डब्यात टाकलं. मला मिळालेली ती पहिली शाबासकी, आणि बहुधा शेवटचीही.

दुकानातून मला ताईनं उचललं. तेव्हा ती फिजिओथेरपी शिकत होती. वर्गात अदलाबदल होऊ नये म्हणून तिनं टाचणीनं माझ्या एका पट्टीवर पाच पाकळ्यांचं फूल कोरलं. पुढं आम्ही दोघं दवाखान्यात लागलो. प्लास्टर काढलेली कोपरं, जिन्यावरून घसरलेल्या आज्यांचे गुडघे, असं साधं सरळ काम होतं. आजी यायची, मी आकडा सांगायचो, आजी "बरं वाटतंय हो" म्हणून घरी जायची. त्या गुडघ्यांवर वाद घालायला कुणी येत नसे.

मग ताईला बास्केटबॉलच्या एका क्लबात नोकरी लागली आणि माझी शांतता संपली.

तिथल्या तपासणीच्या खोलीत एक उंच पलंग, बर्फाचा फ्रिज, व्यायामाची सायकल आणि एक टेबल. टेबलाच्या खणात मी; खणाच्या फटीतून मला सगळी खोली दिसते. खिडकीबाहेर एक बाक आहे. या बाकावर दोन विद्वान रोज चहा घेऊन बसतात. एक संघाच्या गाडीचा ड्रायव्हर आणि दुसरे सामानाची खोली सांभाळणारे काका. काका चार पायऱ्या चढले की कठड्याला धरून उभे राहतात. पण दुसऱ्याच्या गुडघ्याविषयी त्यांचं मत ठाम असतं.

हा दुसऱ्याचा गुडघा म्हणजे शिडीचा. उंचीवरून लहानपणी कुणीतरी 'शिडी' म्हणालं, ते चिकटलं. आता तो सदतीस वर्षांचा आहे, एकोणीस वर्षं खेळतोय, तरी भर मैदानात कुणी "ए शिडी" अशी हाक मारली तर निमूट ओ देतो. मागच्या हंगामात उडी मारून उतरताना त्याचा उजवा गुडघा आत वळला आणि आतला बंध तुटला. शस्त्रक्रिया झाली. आणि बाकाला विषय मिळाला.

"पंधरा वर्षं बघतोय मी त्याला," ड्रायव्हर म्हणायचा. "सगळी पोरं गाडीत बसली तरी हा एकटा बॉल टाकत उभा. हॉर्न वाजवून वाजवून माझा अंगठा दुखायचा."

"ते तेव्हा," काका म्हणायचे. "आता पाय वर करून लोळायची चटक लागलीय. माणूस एकदा सुखाला सोकावला की गेला कामातून."

"काका, ऑपरेशन झालंय त्याचं!"

"माझ्या मेव्हण्याचंही झालं होतं. तिसऱ्या आठवड्यात भाजी आणायला गेला."

त्या मेव्हण्याचा गुडघा मी कधी मोजलेला नाही, म्हणून मी त्यावर बोलत नाही. बाकावरच्या मंडळींनीही हाच नियम पाळला असता तर किती बरं झालं असतं!

सुरुवात छान झाली होती. तिसऱ्या आठवड्यात गुडघा साठ अंश वाकला. दोन महिन्यांनी एकशे दहा. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की पाचव्या महिन्याच्या शेवटी एकशे पंचवीस झाले तर पुढचा सराव सुरू, नाहीतर बूट खुंटीला टांगा. या वयात दुसरी संधी नाही. हे शिडीला ठाऊक होतं, ताईला ठाऊक होतं, आणि खणात पडल्या पडल्या मलाही.

मग एके दिवशी मी एकशे सहा दाखवले. ताईनं पुन्हा मोजलं. एकशे सहाच. पुढच्या आठवड्यात एकशे एक. तेव्हा शिडीनं त्याची जुनी लबाडी केली. पट्टी लावून झाली की तो हळूच कंबर उचलतो, म्हणजे मांडी सरकते आणि दोन-चार अंश फुकटचे मिळतात.

"कंबर खाली," ताई मान वर न करता म्हणाली.

"चुकून उचलली गेली."

"दर वेळी चुकूनच उचलली जाते तुझी. खाली."

त्याच्या पुढच्या आठवड्यात अठ्ठ्याण्णव. गुडघा सुजलेला आणि हाताला गरम लागत होता. बाहेर बाकावर बातमी माझ्याआधी पोचली होती. "मी म्हणत नव्हतो?" काकांचा आवाज आला. "आकडा खोटं बोलतो का?"

नाही हो काका, आकडा खोटं बोलत नाही. पण आकडा कारणही सांगत नाही. माझा साक्षीदार म्हणून वापर झाला आणि मला कुणी काही विचारलंच नाही. इतका संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता.

कारण मला सगळं माहीत होतं. दुपारी ताई वरच्या मजल्यावर जेवायला जाते, मैदान रिकामं असतं, बाकही रिकामा असतो. तेवढ्यात दार हळूच उघडतं आणि थोड्या वेळानं माझं टेबल थरथरायला लागतं. सायकल! ताईनं त्याला सांगितलं होतं, दिवसातून एकदा, पंधरा मिनिटं, हलकी. हा पठ्ठ्या चाकाचा ताण वाढवून तासभर दामटायचा. मग ताण पुन्हा होता तसा करून, सीट टॉवेलनं पुसून साळसूदासारखा निघून जायचा. खणात पेन्सिली माझ्या अंगावर येऊन आदळायच्या. मला ओरडावंसं वाटायचं की अरे बाबा, तुटलेलं जुळतंय, त्याला जुळू दे! पण मला तोंड कुठंय?

आणि त्या दिवशी तर कडेलोटच झाला. ताईनं मला पलंगावर ठेवलं आणि ती शिडीवर बरसली.

"घरी सांगितलेला व्यायाम करतोस की नाही? खरं सांग. बाहेर लोक तुला आळशी म्हणतात, मी तुझ्या बाजूनं भांडते. आता मी काय सांगू?"

शिडीनं मान खाली घातली. "कमी पडतोय मी, ताई. वाढवतो."

वाढवतो! कपाळ असतं तर मी ते बडवून घेतलं असतं.

पुढं काय झालं असतं ते सांगायला नको. पण त्या वेळी मावशी फरशी पुसत होती. मावशी म्हणजे आमच्या इमारतीची साफसफाई बघणारी. शिडी गेल्यावर तिनं फडका पिळला, बादलीच्या काठावर टाकला आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"ताई, रागावू नका, पण एक विचारू? हा माणूस आळशी असेल, तर त्या सायकलखाली रोज दुपारी घाम कुणाचा पुसते मी?"

मला खणात ठेवायला ताईनं नुकतंच उचललं होतं. तिची बोटं एकदम घट्ट झाली.

"रोज?"

"रोज. डबकं असतं डबकं. मला वाटलं, तुम्हीच सांगितलं असेल."

सीट पुसायची अक्कल त्या शहाण्याला होती, खाली बघायची नव्हती.

ताईनं त्याला परत बोलावलं. तो दारात वाकून आत आला, तसा तो नेहमीच येतो.

"दुपारी किती वेळ?" ताईनं विचारलं.

शिडीनं सायकलकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली.

"किती वेळ?"

"तासभर."

"रोज?"

"रविवारी दोन."

ताईनं स्टूल ओढून घेतलं. "अरे, मी तुला आळशी समजून ओरडले! तेव्हा तरी सांगायचंस ना!"

"आळशी म्हटलेलं चालतं, ताई," तो म्हणाला. "तू थांब म्हणाली असतीस."

मग त्यानं वडिलांचं सांगितलं. वडील गवंडी होते. एकदा परांचीवरून पडून हात मोडला, तर दुसऱ्या दिवशी प्लास्टरचा हात गळ्यात बांधून दुसऱ्या हातानं विटा रचायला गेले. "बसला तो गंजला," असं म्हणायचे. तो हात पुढं कधी सरळ झाला नाही, हे शिडीनं अगदी सहज सांगितलं, जणू त्याचा या गोष्टीशी काही संबंधच नव्हता. मी तो हात मोजलेला नाही, पण अंदाज करू शकतो.

मावशीचं पुसून झालं होतं. शिडी निघाला तशी ती ओरडली, "थांब! ओल्या फरशीवर पाय नको."

"मावशी, जाऊ दे ना, पुन्हा पूस."

"पुन्हा पुसू, पुन्हा तू नाच, पुन्हा पुसू? चिखल होतो त्यानं. पुसणं माझं काम झालं, वाळणं फरशीचं काम आहे. बस तिथं, वाळेपर्यंत."

आणि काय सांगू, एकोणीस वर्षं प्रशिक्षकांचं न ऐकणारा तो माणूस मुकाट्यानं पलंगावर बसला. फरशी वाळेपर्यंत तो उठला नाही.

ताई मात्र कच्च्या गुरूची चेली नव्हे. तिनं पाना आणला, सायकलचं उजवं पायडल काढलं आणि माझ्या खणात टाकून कुलूप लावलं. दहा दिवस ते तेलकट धूड माझ्या उशाशी होतं. माझ्या पट्टीवरचं फूल काळं झालं ते तेव्हाच.

शिडीनं ते दहा दिवस कसे काढले, ते मी पाहिलंय. पाय उशीवर, गुडघ्यावर बर्फ, आणि खिडकी उघडी. बाहेरून काका मोठ्यानं बोलत होते, "बघ, उघड्या डोळ्यांनी बघ! लोळतोय की नाही?" आणि ड्रायव्हरचा आवाज दिवसेंदिवस बारीक होत होता. शिडीची बोटं पलंगाच्या कडेत रुतायची. एकदा ताई खिडकी लावायला उठली, तर तो म्हणाला, "राहू दे. हेही शिकायला पाहिजे." सायकल दामटतानासुद्धा त्याचा श्वास इतका जड झालेला मी कधी ऐकला नव्हता.

सूज उतरली. मग पायडल परत बसलं, पंधरा मिनिटांसाठी, ताईसमोर. एकशे चार. एकशे अकरा. एकशे एकोणीस. डॉक्टर आले त्या सकाळी ताईनं मला लावलं आणि सवयीनं म्हणाली, "कंबर खाली." कंबर खालीच होती. एकशे सव्वीस.

त्यानंतर आणखी चार-पाच महिने गेले. धावणं आलं, उड्या आल्या, आणि शेवटी एकदाचा सामना आला. ताईच्या कोटाच्या खिशातून माझं डोकं बाहेर होतं, त्यामुळे मला सगळं दिसलं. ताईनं त्याला एकच गोष्ट बजावली होती. गुडघा आवळायला लागला की हात वर करायचा. किती गुण आहेत, किती वेळ उरलाय, काही बघायचं नाही.

अकरा मिनिटं तो खेळला, आणि काय खेळला! लोक उभे राहिले होते. आम्ही दोन गुणांनी मागे होतो, चेंडू त्याच्याच हातात येणार होता, आणि शिडीनं ताईकडे बघून हात वर केला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं स्वतःहून मैदान सोडलं. टिंगलीच्या शिट्ट्या वाजल्या. त्याच्या जागी उतरलेल्या पोराचा नेम चुकला आणि सामना गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाकावर दोघांचं चक्क एकमत झालं होतं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच!

"अकरा मिनिटांत दमला," काका म्हणाले.

"खरंय तुमचं," ड्रायव्हर हताशपणे म्हणाला. "आधीचा शिडी मेला असता पण बाहेर आला नसता."

आता मी काय करू यांचं? आळस समजून ज्या दिवसांत त्याला नावं ठेवली, तेव्हा तो स्वतःला मोडत होता. आणि ज्या दिवशी त्यानं सगळ्यात अवघड गोष्ट केली, त्या दिवशी त्याचा भक्तसुद्धा पलटला.

आता मी म्हातारा झालोय. माझी खिळी सैल झालीय, साठ ते सत्तरमधले आकडे पुसले गेलेत, आणि ताईच्या मैत्रिणी म्हणतात की आता फोनवरसुद्धा कोन मोजता येतो. येत असेल. मला जायला हरकत नाही. माझी एकच विनंती आहे, बाकावर बसणाऱ्या सगळ्यांना. दुसऱ्याच्या कष्टांवर बोलायचंच असेल, तर बोलण्याआधी निदान एकदा खोलीत येऊन फरशी बघून जा.

बाकावर एकमत झालं, त्याच सकाळची गोष्ट सांगायची राहिली. शिडी आला, आडवा झाला. गुडघा सुजलेला नव्हता. ताईनं मला लावलं. कंबर गादीला टेकलेली. आदल्या दिवशी सामन्याआधी होते तेवढेच अंश, एकही कमी नाही. ताईनं तोंडानं आकडा सांगितला नाही, मलाच त्याच्या डोळ्यांसमोर धरलं. त्यानं बराच वेळ पाहिलं.

दुपारी ताई जेवायला गेली. दार हळूच उघडलं. पुन्हा सायकल, असं मला वाटलं. पण ती मावशी होती. तिनं बादली ठेवली, गुडघ्यावर हात ठेवून वाकली आणि सायकलखाली नीट बघितलं. मग तिनं कोरडा फडका तसाच खांद्यावर टाकला आणि बादली उचलून पुढच्या खोलीत गेली.