भिशीचा फंड

शनिवारी भर दुपारी हरणाबाई मावशी आमच्या दारात आल्या, तेव्हा मी माझ्या लेकीला, शिवूला, भाताची पेज भरवत होते. मावशींच्या पायात चप्पल नव्हती.

"हर्षाली, माझे पैसे दे गं. सून दिवस भरायच्या आधीच बाळंत झाली. पोरगं काचंच्या पेटीत ठिवलंय सोलापूरला. सांजच्याला वीस हजार भरा म्हणत्यात."

"बसा तरी, मावशी."

"बसाया येळ न्हाय. माझे एकवीस हजार हायत की तुझ्याकडं."

होते. दर महिन्याला दीड हजार, असे चौदा महिने. तामलवाडीतल्या आम्हा दहा जणींची भिशी. आधी दर महिन्याला डब्यातनं चिठ्ठी निघायची, जिचं नाव येईल तिनं त्या महिन्याचे पंधरा हजार उचलायचे. मीच म्हटलं, उचलून खर्चच होतात, त्यापेक्षा वाढू द्या. धाराशिवला बी.कॉम. केलेली सून म्हणून माझं ऐकलं. पॉलिसी घेऊन एक एजंट मागं लागला होता, त्याचं कमिशन मी सगळ्यांना कागदावर मांडून दाखवलं आणि मोबाइलवर स्वतःच शेअर बाजारातला इंडेक्स फंड सुरू केला. एजंट नाही, शंभर रुपयांमागं वर्षाला वीसेक पैसे खर्च. नऊ जणींची कागदपत्रं कोण जमवणार, म्हणून सगळं माझ्याच नावावर. आणि भिशी म्हटली की शब्द द्यावा लागतो, तोही मी दिला. जिला नड येईल तिला त्याच दिवशी मिळतील, टाकलेल्यातला रुपया कमी होणार नाही.

फंडानं असं कुठंच म्हटलं नव्हतं. म्हटलं होतं मी.

मोबाइल उघडला. दोन लाख दहा हजार टाकलेले, एक लाख चौऱ्याऐंशी हजार आठशे दिसत होते. दोन महिने हा आकडा मी शिवूला पाजताना एकटीच बघत होते, कुणाला बोलले नव्हते. आज शनिवार. सोमवारी बाजाराला सुट्टी. आत्ता विकलं तरी भाव मंगळवारचा लागणार आणि पैसे गुरुवारी.

"मावशी, गुरुवारी येतील."

"गुरुवारी?" त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. "तवर पोरगं काचंत फुकट ठिवतील व्हय?"

आतून माझ्या सासूबाईंचा आवाज आला. "म्या म्हणत हुते, डबा बरा. डब्याला सुट्टी नसती."

शिवूनं पेजेचा हात मावशींच्या लुगड्याला पुसला. मावशींनी तो तसाच धरून ठेवला, एवढासा हात. मग त्या उंबऱ्यातच बसल्या.

मी दगडाबाईंना फोन केला. भिशीत वयानं त्याच मोठ्या. अर्ध्या तासात ओसरीवर सगळ्या जमल्या. कुणी पिठाच्या हातानं, कुणी शेतातनं तशीच. दगडाबाईंनी कुणाला काही विचारलं नाही.

"प्रत्येकीनं दीड हजार काढा. म्होरल्या महिन्याचे आजच. हरणे, पदर पसर. गुरुवारी तुझ्या वाट्यातनं आमाला परत."

मीही घरातले दीड हजार टाकले. साडेतेरा झाले. "एवढ्यावर पाया पडते डाक्टरच्या," म्हणत मावशी हायवेकडं निघाल्या. आता सासूबाईंच्या चपला त्यांच्या पायात होत्या.

कुणी उठलं नाही.

"आता आमचं सांग, बाई," दगडाबाई म्हणाल्या. "आमचं किती हाय?"

खोटं बोलायला जीभ उचलली होती. शिवू मांडीवर पेंगत होती, तिचं तोंड अर्धं उघडं. मी म्हटलं, "एकवीसचे साडेअठरा झालेत."

"म्हंजी चोरी झाली?"

"चोरी नाही. बाजार पडलाय. हात लावला नाही तर वर येईल."

"कवा?"

"वर्षात, दोन वर्षांत. आजवर येत आलाय."

"तवा 'आजवर' असं न्हाय म्हणलीस तू. रुपया कमी हुणार न्हाय म्हणलीस." त्यांचा आवाज चढला नव्हता, तेच जास्त लागलं. "माझी म्हस तरी आटायच्या आधी चार दिस सांगती."

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

मी समजावलं. दर महिन्याला थोडं थोडं टाकलं की पडत्या बाजारात जास्त हाती येतं, आत्ता काढणं म्हणजे तोटा पक्का करणं. सगळं खरं होतं. आणि आत्ताच अनवाणी आलेली बाई सगळ्यांनी बघितली होती. उद्या यातल्या कुणावर ती वेळ आली तर मी पुन्हा गुरुवार सांगणार होते.

"काढ," दगडाबाई म्हणाल्या. बाकीच्यांनी माना हलवल्या.

"पुरे एकवीस मिळतील," मी म्हणाले. कुणी मागितलं नव्हतं. पण शब्द माझाच होता.

शिवूला डाव्या हातावर घेऊन उजव्या अंगठ्यानं मी सगळे युनिट विक्रीला लावले. ओटीपी आला, टाकला. दगडाबाई चष्मा वर करून बघत होत्या. "गुरुवारी यिऊ," म्हणाल्या, आणि सगळ्या एकामागं एक उतरून गेल्या.

सासूबाई बाहेर आल्या. "आन तुझे एकवीस?"

"तेबी काढले, आत्या. त्यातनंच ह्यांचा तोटा भरायचाय."

"शिवूसाठी ठिवलेले?"

मी मान हलवली. त्यांनी टोमणा मारला नाही. वाकून शिवूला माझ्या हातातनं घेतलं आणि खांद्यावर टाकलं.

नऊ जणींचे एक लाख एकोणनव्वद हजार. आजच्या भावानं माझे सगळे जाऊन वर चार हजार दोनशे कमी पडत होते. मंगळवारी बाजार किती खाली उघडेल, हे तर अजून कुणालाच माहीत नव्हतं.