श्यामसुंदरची सही

एप्रिल शहाऐंशी. घाटकोपरला डोंगराच्या उतारावरच्या चाळीत भरदुपारी नलिनी कॉन्ट्रॅक्ट ॲक्टचं पुस्तक उघडून बसली होती. लॉचं पहिलं वर्ष, सोमवारी पेपर. आई शेवंती कामावर गेलेली. धाकटा भाऊ श्यामसुंदर आरशात मिशीची कोवळी लव न्याहाळत होता.

दाराला लाथ बसली. अंबादासकाका आत आला, मागून दोन माणसं. एकाने कडी लावली.

वडील वारल्यावर खोलीची भाडेपावती श्यामसुंदरच्या नावावर झाली, तेव्हापासून हा त्यांचा सख्खा भाऊ धुमसत होता. त्याने स्टँप पेपर जमिनीवर टाकला.

"खोली माका सोडलंस, असा लिवलाय. सही कर."

"नाही करणार."

ठोसा तोंडावर बसला. श्यामसुंदर रक्त थुंकला आणि उठून काकाच्याच अंगावर गेला. दोघांनी त्याला लोळवून पोटात लाथा घातल्या. नलिनी मध्ये पडली, तर एकाने तिची वेणी मनगटाला गुंडाळून तिला भिंतीशी दाबलं.

"डावो हात घ्या," काका म्हणाला. "उजवो सहीक लागतलो."

त्यांनी त्याची करंगळी लोखंडी कपाटाच्या दारात धरली.

श्यामसुंदरला अठरा पूर्ण व्हायला अजून तीन महिने होते. काकाला ते ठाऊक नव्हतं, नलिनीला होतं. पण अठराच्या आतल्या पोराने केलेला करार व्हॉइड की व्हॉइडेबल? व्हॉइड असला तर कागद जन्मतःच मेलेला, हव्या तेवढ्या सह्या घेऊ देत. व्हॉइडेबल असला तर तो जिवंत. कोर्टात जाऊन मोडावा लागणार, आणि तोवर काका खोलीत. सकाळीच वाचलं होतं. डोकं चालेना.

कपाटाचं दार आपटलं. श्यामसुंदर गुरासारखा ओरडला, तरी म्हणाला, "नाही."

जबरदस्तीची सही व्हॉइडेबल, हे पक्कं. मग पोराची?

दार पुन्हा आपटलं. करंगळीशेजारचं बोट. आणि तिला आठवलं: व्हॉइड.

"सही कर, श्याम!" ती किंचाळली. "कर म्हणते ना!"

त्याने तिच्याकडे पाहिलं. मारणाऱ्यांकडेही त्याने तसं पाहिलं नव्हतं. मग सही केली.

हॉस्पिटलात प्लास्टर होताना तिने त्याला अठराच्या आतल्या सहीचा कायदा सांगितला. "वय त्यांच्यासमोर बोलले असते तर तीन महिने थांबून परत आले असते रे."

घरमालकाने नलिनीने पुढे केलेला जन्मदाखला पाहिला आणि कागद काकाच्या तोंडावर फेकला. त्याच संध्याकाळी काकाने गॅलरीत नलिनीचा गळा धरला. "वकिलीण झालंस काय गो?"

श्यामसुंदर आतून वरवंटा घेऊन आला आणि काकाच्या गुडघ्यावर हाणला. हाड वाजलं. काका आडवा झाला. दुसरा घाव डोक्यावरच पडायचा, पण नलिनीने त्याचा हात दोन्ही हातांनी धरला. "बस, श्याम! मरेल तो."

शेजाऱ्यांनी काकाला रिक्षात घातलं. तो पुन्हा चाळीत फिरकला नाही.

"त्या दिवशी पहिल्या बोटाआधीच का नाही बोललीस?" श्यामसुंदरने विचारलं. अजून धापा टाकत होता.

खोटं बोलता आलं असतं. "आठवत नव्हतं," ती म्हणाली. "दोन शब्दांत गोंधळ होत होता."

त्याने वरवंटा पाट्यावर ठेवला. नलिनी पुढे झाली तरी प्लास्टर निघेपर्यंत शर्टाची बटणं तो आईकडूनच लावून घ्यायचा.