टॅपेटचा आवाज बंद झाला

मरोळ नाक्याला सिग्नलला गाडी थांबली आणि काशीराम परबाने कान मागे लावला. मागच्या इंजिनातून टिकटिक येत नव्हती. येत होती ती ठेच. इंजिन तीन पावलं नीट टाकी आणि चौथ्याला पाय चुकल्यागत अडखळे.

मागच्या सीटवर तुळशीदासबुवा बसले होते. मांडीवर पागोट्याचा डबा, ओठांत आजच्या पूर्वरंगाचं पद. शेजारी पेटीवाला धाकू. रात्रीचं कीर्तन खेडच्या पलीकडच्या एका देवळात होतं, म्हणजे वाटेत कशेडीचा घाट.

"गाडी बघा बुवा, कशी गप्प चालते," धाकू म्हणाला. "नायतर आधी कवळीवाल्या म्हातारीसारखी वाजायची. काश्यानं तिचं तोंडच बंद केलं."

"काशीरामाच्या हाताला यश आहे," बुवा म्हणाले आणि पुन्हा पदात शिरले.

काशीरामाने आरशातून त्यांच्याकडे पाहिलं आणि नजर रस्त्यावर आणली. 

संपात गिरणी गेली, तेव्हा काशीराम मालाडच्या देवळात खांबाला टेकून दिवसचे दिवस बसायचा. कीर्तन ऐकायचा, पण ऐकूही यायचं नाही. बुवांनी ते पाहिलं होतं. एका भक्ताने त्यांना जुनी बीटल दिली होती, कासवाच्या पाठीची, इंजिन मागे आणि त्यात पाण्याचा थेंब नाही, सगळं वाऱ्यावर थंड व्हायचं. बुवांनी तिची किल्ली काशीरामाच्या हातात ठेवली. "मला गुडघ्यांनी टाकलंय, तू टाकू नकोस," एवढंच म्हणाले. काशीराम साकीनाक्याला श्यामसुंदर मिस्त्रीच्या गॅरेजात राबून काम शिकला आणि त्या दिवसापासून बुवांच्या शब्दाबाहेर गेला नाही.

म्हणूनच तर घोळ झाला. श्रावणात बुवा एकदा सहज बोलून गेले, "काशीराम, ही टिकटिक माझ्या तालाच्या आड येते रे. पद धरलं की सुटतं." तो आवाज टॅपेटचा, इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांचा. दांडी आणि व्हॉल्व्ह यांच्यात केसाएवढी फट ठेवावी लागते, ती वाजते. बुवांचा शब्द म्हणजे काशीरामाला आज्ञा. बोरिवलीचं कीर्तन सुरू असताना, देवळामागे, त्याने कव्हर उघडलं. इंजिन चटके देत होतं. गॅरेजात बहुतेक ॲम्बॅसेडर यायच्या, त्यांचे टॅपेट गरम इंजिनावरच लावायची श्यामसुंदरची रीत, तीच काशीरामाच्या हातात बसलेली. आवाज बंद होईपर्यंत त्याने स्क्रू आवळले आणि आरतीला वेळेवर हात जोडून उभा राहिला.

आता, सिग्नल सुटायची वाट पाहताना, त्याला सगळं एकदम दिसलं. हे वाऱ्याचं इंजिन तापलं की फट आपोआप वाढते. वाढलेली फट आपण आवळली, मग थंडपणी उरलं काय? व्हॉल्व्ह मिटतच नसणार. उघड्या तोंडाने आग गिळत बसला असणार. म्हणून गेले काही दिवस गाडी सकाळी अडखळायची आणि तापली की सावरायची. आज तापूनही सावरली नव्हती.

आणि व्हॉल्व्हचं डोकं तुटून इंजिन जागीच बंद पडलं तर? घाटात, चढावर, एका बाजूला दरी, मागे ट्रक. गाडीत बुवा.

देवा, काय करून बसलो मी.

साकीनाक्याला त्याने गाडी श्यामसुंदरच्या बंद शटरसमोर घेतली.

"काय रे?" बुवांनी विचारलं.

"जरा बघतो, बुवा. थंड व्हायला लागेल."

"आता काय थंड करतोस?" धाकू म्हणाला. "सूर्य उगवला नाय अजून नीट. खेडला काय उद्याच्या काल्याला पोचायचंय?"

"तू गप रे."

"मी गपच हाय. गाडी पण गप हाय. तुलाच काय चावला ता सांग."

 काशीराम इंजिनाच्या झाकणावर हात ठेवून उभा राहिला. चटका बसेना झाला, तरी ठेवूनच उभा राहिला. उघडून बघायचं धाडस होत नव्हतं. उघडलं नाही तोवर आपण चुकलो नाही, असं त्याच्या भित्र्या मनाने ठरवलं होतं. चहा आला, बुवांनी बशीत ओतून प्यायला, लोकांची कामावर जायची वर्दळ सुरू झाली.

शेवटी तो पोतं अंथरून गाडीखाली शिरला. धरणारी तार सरकवून टॅपेटचं कव्हर काढलं. फट मोजायच्या पात्यांच्या जुडग्यातलं सगळ्यात पातळ पातं घेऊन एकेका फटीत घालून पाहिलं. इतर ठिकाणी कसंबसं का होईना, ते शिरलं. तीन नंबरच्या सिलिंडरला, जिथे वारा सगळ्यात कमी पोचतो, तिथे पातं टेकलं आणि थांबलं. फट नव्हतीच.

त्याने स्क्रू सैल केला, नीट फट दिली. मग मागे येऊन पुलीला पाना लावला आणि इंजिन हाताने फिरवलं. प्रत्येक सिलिंडर उशी दाबावी तसा हाताला उलटा रेटत होता. तीन नंबरची पाळी आली आणि पाना लोण्यात फिरावा तसा फिरला. सायलेन्सरमधून बारीक फुस्स ऐकू आलं; फट देऊनही व्हॉल्व्ह मिटत नव्हता.

त्याने पुन्हा फिरवलं. फुस्स.

एक मोह मात्र झाला. फट दिली आहे, गाडी चालू होईल, उरलेल्या तीन सिलिंडरवर रडतखडत जाईलही. पांडुरंगाचं नाव घ्यावं आणि निघावं. बुवांना कळणारही नाही. सांगितलं तर विचारतील, कुणी केलं? आणि किल्ली मागून घेतील. मग पुन्हा तो खांब.

पाना हातात घेऊन तो बुवांसमोर उभा राहिला. 

"बुवा, ही गाडी घाटात नेणार नाही मी."

"का रे?"

"व्हॉल्व्ह जळलाय. मीच जाळला. तुमच्या तालाला आवाज नको म्हणून गरम इंजिनावर आवळला. आवाज गेला ना, तेव्हाच समजायला हवं होतं मला."

धाकू काहीतरी बोलणार होता, बुवांनी हात वर केला.

"सकाळपासून तुझा चेहरा बघतोय आरशात," ते म्हणाले. "भीती कुणाची होती? घाटाची?"

"घाटाची होती." काशीराम जमिनीकडे बघत राहिला. "तुमची जास्त होती."

 बुवा गुडघ्यावर हात रोवून उठले. "माझी भीती वाटावी असं काय केलं मी तुझं? चुकलं माझं. धाकू, रिक्षा बघ. नेहरूनगरहून एसटी मिळेल."

"बुवा, तुमचे गुडघे..."

"गुडघे बसायलाच दिलेत देवाने, एसटीत बसतील. तू इथे थांब. नीट कर तिला."

रिक्षात धाकूच्या मांडीवर पेटी आणि पेटीवर पागोट्याचा डबा गेला. बुवांनी किल्ली मागितली नाही.

श्यामसुंदर आला, दोघांनी इंजिन खाली उतरवलं आणि दुपारी सिलिंडरवरचं हेड सुटलं. तीन नंबरचा व्हॉल्व्ह काळा पडला होता. काठाचा एक तुकडा जळून गेला होता, मानेला तडा अर्ध्याहून जास्त फिरला होता. काशीरामाने अंगठ्याने हलकेच दाबलं. डोकं तुटून त्याच्या तळव्यावर पडलं.

"आयला," श्यामसुंदर हळूच म्हणाला. "पनवेलपण गाठलं नसतं रे."

काशीरामाने मूठ मिटली. एसटी आता कशेडी चढत असेल, खिडकीशी बुवा पद म्हणत असतील. हात धुवायला न उठता तो तिथेच तेलकट जमिनीवर बसून राहिला.