हवालदाराची झोप

वहिनीला एका जागी स्वस्थ उभी राहिलेली कुणी पाहिली असेल, तर त्याने खुशाल पुढे यावं. कुणी यायचं नाही. थकल्याभागल्या घोड्यांसाठी हे घर काढलं तिच्या नणंदेने, पण ते चालतं वहिनीच्या पायांवर. उन्हाळ्यात तर त्या पायांना चाकंच फुटतात. पहाटे चारला खरारा, सहाच्या आत सगळ्यांचे खूर साफ, आठला खिडक्यांवर ओली पोती, आणि मग दिवसभर पाणी, पाणी, पाणी. अकरा घोडे, सगळे म्हातारे, सगळे हट्टी, आणि वहिनी त्या सगळ्यांची सासू. ‘वहिनी थांबली तर समजायचं घड्याळ बंद पडलं,’ असं नणंद येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

त्यात तीन महिन्यांपूर्वी बारावा आला. आल्या दिवसापासून तो नुसता उभा, कान टवकारून, नजर दाराकडे. म्हणून त्याचं नाव पडलं हवालदार. आता घोडा उभ्याउभ्या डुलकी काढतो हे कुणीही सांगेल, पण गाढ झोपेसाठी त्यालाही अंग टाकावंच लागतं, आणि जिथे जिवाला धाकधूक आहे तिथे तो अंग टाकत नाही. हवालदाराने तीन महिन्यांत एकदाही टाकलं नव्हतं. डुलकी जरा खोल गेली की पुढचे गुडघे दुमडायचे, तो धाडकन खाली यायचा आणि दचकून परत उभा. दोन्ही गुडघे सोलून निघाले होते. डॉक्टरीणबाई रोज दुपारी येऊन पट्टी बदलायच्या. त्या सोमवारी मात्र त्यांनी पट्टी बांधता बांधता स्पष्टच सांगितलं, की असाच पडत राहिला तर पाय मोडेल, आणि या वयात मोडलेल्या पायावर त्यांच्याकडे एकच इंजेक्शन आहे. कुठलं ते वहिनीने विचारलं नाही. तिला ठाऊक होतं.

झालं, वहिनीने पदर खोचला. त्याच्या खोलीत हातभर जाड भुसा टाकला. शेजारच्या खोलीत सगळ्यांत गरीब घोडी आणून ठेवली. आणि दर पंधरा मिनिटांनी कुणी ना कुणी जाऊन डोकावायचं असा हुकूम सोडला. जास्तीत जास्त वेळा ती स्वतःच धावायची. डोळ्यांत तेल घालून पहारा चालला होता. ती डोकावली की हवालदार कान टवकारायचा आणि तिच्याकडे बघायचा. तिला वाटायचं, ओळख वाढतेय.

गुरुवारी भर दुपारी त्याच्या दारासमोरचा पाण्याचा पाइप फुटला. टाकीत पाणी बेताचं, बारा घोडे तहानलेले, आणि इकडे कारंजं. वहिनीने धावत जाऊन भोकावर अंगठा दाबला आणि नणंदेला दुकानातून पाइपला गुंडाळायची चिकटपट्टी आणायला पिटाळलं. अंगठा काढायची सोय नाही. अर्धा तास ती हवालदाराकडे पाठ करून, दुकानाच्या नावाने बोटं मोडत, खिळल्यासारखी उभी राहिली.

मागे भुसा सळसळला. तिने मान वळवली. हवालदार आडवा. चारही पाय पसरलेले, मान भुशात.

घोडेवाल्या माणसाच्या डोक्यात अशा वेळी एकच गोष्ट येते. उन्हाळा, भर दुपार आणि आडवा घोडा म्हणजे पोटशूळ. अशा घोड्याला लोळू द्यायचं नसतं, उठवून चालवायचं असतं. वहिनीच्या तर हे रक्तातच भिनलेलं. अंगठा सुटला, कारंजं छपराला लागलं, आणि ती ओरडत आत घुसली. हवालदार धडपडत उठला. दोर लावून तिने त्याला सावलीसावलीने तासभर फिरवला, डॉक्टरीणबाई येईपर्यंत. त्यांनी पोटाला नळी लावून दोन्ही बाजूंनी ऐकलं, हिरड्या बघितल्या, परत ऐकलं.

“वहिनी, पोट उत्तम आहे,” त्या म्हणाल्या. “तो झोपला होता.”

तीन महिने ज्याची वाट पाहिली ते घडलं, आणि वहिनीने ते स्वतःच्या हाताने मोडलं. एरवी चिडवायची एक संधी न सोडणारी नणंद त्या दिवशी तिच्यासाठी मुकाट चहा घेऊन आली. ते तर वहिनीला फारच लागलं. संध्याकाळी चारा टाकताना ती हवालदाराची चक्क माफी मागून आली. त्याने चारा खाल्ला आणि दाराकडे बघत उभा राहिला.

शुक्रवारी पहाटे तो परत पडला. डावा गुडघा या वेळी हाडापर्यंत उघडा. डॉक्टरीणबाई सकाळीच आल्या, पट्टी केली आणि म्हणाल्या, “आता दिवस मोजायचे.”

दुपारी वहिनी नेहमीसारखी बादल्या घेऊन पळत होती. कालच्या पाइपने अंगठा टम्म सुजला होता, बादलीची कडी त्यावर घासली आणि ती कळवळली. अंगठ्याकडे बघता बघता ती मधल्या वाटेतच थबकली. काल काय वेगळं होतं? भुसा तोच, शेजारची घोडी तीच, ऊन तेच. वेगळी होती ती एकच गोष्ट. तीन महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी त्याच्या दारात न हलता उभं राहिलं होतं.

तिला सगळं एकदम लख्ख दिसलं, इतकं की हसूही आलं आणि रडूही. रानात कळप झोपतो तेव्हा एक घोडा उभा राहतो. तो उभा आहे या भरवशावर बाकीचे अंग टाकतात. आणि इथे काय, जो तो पळतोय, डोकावतोय, परत पळतोय. पळणारा कळप बघून कुठला घोडा झोपेल? मग राहतो बिचारा स्वतःच उभा. दर पंधरा मिनिटांनी त्याला जागं करणारी दुसरीतिसरी कुणी नव्हती, तीच होती.

तिने बादल्या तिथेच ठेवल्या. हवालदाराच्या दाराशी गेली, त्याच्याकडे पाठ केली, तोंड अंगणाकडे, आणि उभी राहिली.

पहिली दहा मिनिटं म्हणजे शिक्षा होती. तिकडे एक बादली रिकामी दिसत होती, एक पोतं वाळलं होतं, आणि दोन माशा तिच्या नाकावर संसार मांडून बसल्या होत्या. वहिनी हलली नाही. वीस मिनिटं झाली. घाम टाचेपर्यंत पोचला. मागून एक लांब फुरफुर ऐकू आली. मग गुडघे दुमडल्याचा आवाज आला, धाडकन नाही, सावकाश, एकामागून एक. मग सगळं अंग भुशावर आलं, आणि मग घोरणं. असलं घोरणं की शेजारच्या घोडीने मान वर केली.

वहिनीच्या अंगात आनंद मावेना. नाचावं, ओरडावं, सगळ्या अकरांना गुळाचा खडा द्यावा असं वाटत होतं, आणि हलायची तर बंदी. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायची सोय नव्हती.

नणंद धावत आली, बादल्या वाटेत टाकून ही गेली कुठे म्हणून. वहिनीने डोळे मोठे केले तशी ती जागीच थांबली. तिने आत पाहिलं आणि तोंडावर हात धरला. मग चवड्यांवर जवळ आली.

“आणि पाणी? पोती?” ती कुजबुजली. “किती वेळ अशी उभी राहणार आहेस तू?”

“तो तीन महिने उभा होता,” वहिनी ओठ न हलवता म्हणाली. “आता ड्युटी माझी.”

नणंदेने चपला काढल्या, बादल्या उचलल्या आणि वहिनीच्या वाटणीचं पाणी अनवाणी, सावकाश पाजायला निघाली.